पाय कुठे गेले, हे आधी विचारा

गेल्या मे महिन्यात ठाण्याला, आमच्या चरईतल्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेत होते. दुपारी साडेतीनला सेक्रेटरींचा फोन आला. "मावशी, जरा खाली येता का? लगेच या. आणि कुणाला बोलू नका." कुणाला बोलू नका म्हणजे तोवर चारही मजल्यांना कळलेलं असतं. खाली गेले तर जेसीबी बंद, ऑपरेटर गेटपाशी तंबाखू मळत उभा, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर वर्तमानपत्रावर ठेवलेलं एक लांब हाड. वीतभर, चहाच्या रंगाचं, मधोमध पांढरा टवका उडालेला. शेजारी कुणीतरी उदबत्तीही लावली होती.

मला बोलावलं, कारण ३१ वर्षं मी एका मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात टेक्निशियन होते. हाडं साफ करायची, सांगाडे तारेने जोडायचे, पहिल्या वर्षाच्या पोरांना बोन सेट मोजून द्यायचे आणि परत घेताना पुन्हा मोजायचे. परत येताना मनगटातलं एखादं हाड कमी असायचंच. उत्खननांचा नाद निवृत्तीनंतर लागला. तेव्हापासून ओळखीपाळखीचे विचारतात, की पुरलेल्या माणसाकडे बघून हे शास्त्रज्ञ एवढं सगळं कशावरून सांगतात. ते कसं वाचायचं ते माझ्या पद्धतीने लिहिते. संग्रहालयात काचेमागचा सांगाडा बघताना उपयोगी पडेल, पेपरात बातमी वाचताना पडेल, आणि बिल्डिंगखाली खड्डा घेताना तर नक्कीच.

नळी की माणूस

हाड सापडलं की पहिला प्रश्न: माणसाचं की जनावराचं? मटण खाणाऱ्या घरात हे निम्मं काम आधीच झालेलं असतं. माझ्या हातात आलेल्या हाडाच्या पुढच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक उथळ पन्हळ होती, आणि खालच्या टोकाला दोन कप्प्या शेजारी शेजारी बसवाव्यात तसे दोन गोल उंचवटे. माणसाच्या अंगात असं एकही हाड नाही. हे खूर दुभंगलेल्या जनावराचं: गाय, म्हैस, बकरी. आकारावरून म्हैस.

फसगत होते ती लहान हाडांच्या बाबतीत. बकरीची नळी बघून लोकांना तान्ह्या बाळाचा हात वाटतो. अशा वेळी टोकं बघा. लहान मुलाच्या लांब हाडांची टोकं वेगळी असतात, मधे कूर्चा असते, आणि ती वाढ संपल्यावरच मुख्य दांड्याला जुळतात. त्यामुळे पुरलेल्या बाळाचं हाड बोथट, खडबडीत टोकाचं दिसतं; गाठ नसते. हाड लहान पण टोकं पक्की जुळलेली असतील तर ते लहान जातीच्या, पूर्ण वाढलेल्या जनावराचं.

मग तो पांढरा टवका. बाहेरून हाड चहाच्या रंगाचं आणि मोडलेल्या जागी आत पांढरं, म्हणजे ती मोड आजची, जेसीबीच्या बकेटची. हाडातल्या सगळ्या जखमा अशाच तीन खणांत टाकायच्या. कड गोलसर होऊन भरून आली असेल तर माणूस त्या जखमेनंतर जगला. कड धारदार, पण रंग बाकीच्या हाडासारखाच आणि मोड ओल्या फांदीसारखी तिरपी, चिरफाळलेली, तर जखम मरताना किंवा मेल्यावर लगेचची. आणि मोड खडूसारखी आडवी, आतून फिकट, तर ती वाळलेल्या हाडाची. टीव्हीवर ज्या कवटीला "डोक्यात घाव" म्हणतात, तिचा घाव पुष्कळदा या तिसऱ्या खणातला, कुदळीचा असतो.

ज्याने उचललं त्याला आधी ओरडा

सेक्रेटरींना मी तेच केलं. हाड कुणी उचललं? कुठून उचललं? "बकेटमधून पडलं हो, मी फक्त पेपरावर ठेवलं." हाड कोणाचं हे हाडावरून कळतं, पण त्याचं काय केलं गेलं हे फक्त जागेवरून कळतं, आणि ती जागा बकेटबरोबर गेली होती. सुदैवाने खड्ड्याची भिंत शिल्लक होती. खाली उतरायला नातवाने शिडी धरली. एका बाजूला तांबडा मुरूम, सलग, कधी न हललेला. दुसऱ्या बाजूला काळपट, ठिसूळ, विटांचे तुकडे मिसळलेली माती, म्हणजे भराव. जेसीबी काम करत होता ती भरावाची बाजू. त्यातच, साधारण हाड निघालं त्या पातळीच्याही खाली, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन होतं आणि त्यावर पॅकिंगचं साल दिसत होतं: १९९६. खालची वस्तू ९६ ची, म्हणजे तिच्यावरचा थर ९६ नंतरचा. भराव कुठून तरी ट्रकने आला, हाड त्याच्यासोबत आलं. उत्खननात नाण्यावरून थराचं वय लावतात ते याच हिशेबाने. तिथे बिस्किटांऐवजी सातवाहनांची नाणी असतात एवढंच.

पुरलेलं माणूस ओळखायची पहिली खूणही मातीच असते. एकदा खणून पुन्हा भरलेली माती कधीच पहिल्यासारखी बसत नाही. वरखालचे थर एकमेकांत मिसळतात, रंग बदलतो, ती मऊ राहते, काही वर्षांनी मधे खचते, वर गवतही आजूबाजूपेक्षा वेगळं येतं. म्हणून उत्खनन करणारे आधी हाडाकडे धावत नाहीत. गवंड्याच्या करणीने माती खरवडून खड्ड्याची कड शोधतात, तिचा आराखडा काढतात आणि मगच आत उतरतात.

समजा ते हाड माणसाचं असतं, किंवा नुसती शंका असती, तर काय करायचं? काम थांबवा. उचलू नका, धुऊ नका; जिथे आहे तिथेच ताडपत्रीने झाका. मोबाइलवर फोटो काढा, त्यात मापासाठी शेजारी पेन ठेवा, आणि उत्तर दिशा कुठली ते लिहून ठेवा. मग ११२ ला फोन. पुढचा पंचनामा पोलिसांचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमाखाली व्हायचा, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. सोबत मणी, भांडं, नाणं निघालं तर ते "आमच्या जागेत सापडलं, आमचं" असंही नसतं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि त्यात दहा रुपयांवरच्या मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दहा रुपये! आज वडापाव येत नाही त्यात.

१०६ हाडं

आता मुख्य गोष्ट. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. एका हातात, म्हणजे मनगटापासून पुढे, २७. एका पावलात २६. दोन्ही हात, दोन्ही पावलं मिळून १०६. निम्म्याहून जास्त सांगाडा तळहातात आणि तळपायात आहे, आणि बघणारा मात्र कवटी बघतो.

कॉलेजात असताना एकदा पोलिसांनी गोणपाटात भरून हाडं आणली. कुठल्याशा माळावर सापडली होती. सरांनी मला टेबलावर मांडायला सांगितलं. कवटी, मांडीची दोन्ही हाडं, बरगड्या, ओटीपोटाची हाडं. मोजली तर ४१. हाताचं एक नाही, पावलाचं एक नाही, गुडघ्याची वाटी नाही, गळ्यातलं कंठिका हाड नाही. समोरचे दात नव्हते, पण खोबणी रिकाम्या आणि धारदार होत्या, म्हणजे दात मेल्यानंतर गळून तिथल्याच मातीत पडले होते. जिवंतपणी पडले असते तर खोबण भरून आली असती. गळा दाबला होता का, हा त्या केसमधला मुख्य प्रश्न होता आणि कंठिका गोळा करणाऱ्याच्या चपलेखाली राहिली होती. ती मोडलेली मिळती तर संशयाला जागा होती. अखंड मिळती तरी गळा दाबला नाही असं म्हणता आलं नसतंच, पण निदान बघता आलं असतं. सर एरवी कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी म्हणाले, "अहो, एक चाळणी न्यायची होती. घरातली मैद्याची चालली असती."

ही छोटी हाडं आणखी एक गोष्ट सांगतात. मांस कुजताना बोटांचे सांधे लवकर सुटतात. कंबर, गुडघा बराच काळ धरून राहतात. खड्ड्यात बोटांची हाडं आपापल्या जागी ओळीने मिळाली, तर माणूस मेल्यावर लवकर पुरला आणि नंतर कुणी हलवला नाही. मांड्या, कवटी आहेत पण बोटं नाहीत, तर बहुधा तो आधी दुसरीकडे होता आणि मागाहून हाडं वेचून इथे आणली.

ठाण्याच्याच इतिहासातलं उदाहरण देते. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. तोलेन्तिनोचा थॉमस हा त्यांतला प्रमुख. जॉर्डन नावाच्या दुसऱ्या धर्मोपदेशकाने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. तीनेक वर्षांनी ओडोरिक नावाचा प्रवासी आला, त्याने ती हाडं उकरली आणि जहाजाने चीनला नेली. उद्या सोपाऱ्याला एखादा रिकामा खड्डा मिळाला आणि चाळणीत बोटांची चार पेरं आली, तर माझ्या डोक्यात पहिलं नाव ओडोरिकचं येईल. जहाज गाठायच्या घाईतला माणूस मनगटाची सोळा हाडं शोधत बसला असेल, हे मला पटत नाही. हा माझा तर्क, पुरावा नव्हे. शिवाय कोकणातला पाऊस आणि आंबट माती हाड खाऊन टाकते. राहिले तर दात राहतात, कारण दाताचं वरचं कवच सगळ्यांत चिवट. घाटावरच्या चुनखडी मिसळलेल्या काळ्या मातीत हाड कितीतरी जास्त टिकतं.

म्हणूनच आपल्याकडचं सगळ्यांत बोलकं दफनस्थळ घाटावर आहे. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. लहान मुलं दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात ठेवलेली आणि घराच्याच जमिनीखाली पुरलेली. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखाली पाय नाहीत. एकाचे नाहीत, दोघांचे नाहीत असं नव्हे. ही रीतच दिसते. मेलेल्याने भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

आणि मग एक माणूस मिळाला चार पायांच्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात. त्याचे पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. मला त्या मतापेक्षा ते ज्यावर उभं आहे ती गोष्ट आवडते: बाकीच्यांची पावलं नाहीत हे कुणीतरी काळजीने नोंदवलं, म्हणून याची आहेत याला अर्थ आला. गोणपाटात भरून आणले असते तर सगळेच बिनपायाचे.

मडक्यातल्या बाळांबद्दल वाचलं तेव्हा मला माझी कणकवलीची आजी आठवली. तिचं पहिलं मूल चार महिन्यांचं गेलं, त्याला जाळलं नाही, परसात पुरलं. कुठे ते तिने कधी बोट दाखवून सांगितलं नाही, पण एका जागी ती केरसुणी मारत नसे.

पाय नाहीत म्हणजे तोडलेच, असंही समजू नका. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत पडला आणि २०१२ मध्ये लेस्टर शहरात कार पार्किंगखाली सापडला. त्याचीही पावलं गायब. पण तिथे त्याच्या कबरीचा तो शेवटचा भाग नंतरच्या काळातल्या बांधकामाने कापून नेला होता. म्हणून खड्ड्याची कड आधी बघायची. कड सलग आहे आणि पावलं नाहीत, तर पुरणाऱ्याने काही केलं. कडच तुटली आहे, तर नंतर आलेल्या गवंड्याने. रिचर्डची कबर अंगापेक्षा आखूड खणलेली होती, डोकं एका बाजूला वर टेकलेलं. घाईत उरकलेलं काम आहे, हे कळायला डीएनए लागत नाही. पाठीचा कणा बाजूला वळलेला, हाडांवर मृत्यूच्या वेळच्या अकरा जखमा, त्यांतल्या नऊ कवटीवर. डीएनए जुळला तो त्याच्या बहिणीच्या वंशातल्या आजच्या माणसांशी.

अंग कसं पडलंय

खांदे वर चढलेले, कोपर अंगाला चिकटून, गुडघे जुळलेले, तर घट्ट कफनात गुंडाळलेलं. गुडघ्याची वाटी घरंगळून बाजूला पडली, ओटीपोट उघड्या पुस्तकासारखं पसरलं, तर आजूबाजूला पोकळी होती, म्हणजे लाकडी पेटी असावी. लाकूड कधीच कुजून गेलेलं असतं. थेट मातीत पुरलं तर मातीच हाडांना धरून ठेवते. दिशाही बघा: मुसलमानांत उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आपल्याकडे ते पश्चिमेला, म्हणून कबर दक्षिणोत्तर. लिंगायतांत बसवून. पण दिशेवरून धर्म लावायची घाई नको; इनामगावचा तो माणूसही बसलेलाच होता.

अंगठा वापरा

बाई की पुरुष, हे ओटीपोटाच्या हाडावरून. मागच्या बाजूला एक खाच असते. पोरांना मी शिकवायचे: अंगठा घाला, सैल हलला तर बाई, घट्ट बसला तर पुरुष. पुढच्या बाजूचा कोनही असाच. पहिलं बोट आणि मधलं बोट फाकवून दिसतो तो पुरुषाचा, अंगठा आणि पहिलं बोट फाकवून दिसतो तो बाईचा. लहान मुलात मात्र यातलं काही चालत नाही, वयात येईपर्यंत हाडं सारखीच.

वय दातांवरून: पहिली पक्की दाढ सहाच्या सुमारास, दुसरी बाराच्या. मग सांधे जुळण्यावरून. सगळ्यांत शेवटी गळ्यापाशी येणारं कॉलर बोनचं टोक, पंचविशीच्या पुढेमागे. चाळिशीनंतर हाडं झिजण्यावर सगळा भर आणि झीज कष्टावर अवलंबून, त्यामुळे "मृत व्यक्ती ५३ वर्षांची होती" असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या. उंची मांडीच्या हाडावरून काढतात; ते उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं असतं. दातांवर आडव्या रेघा असतील तर त्या वयात मूल उपासमारीतून किंवा मोठ्या आजारातून गेलं. रेघ कितव्या वर्षी पडली हेही मोजता येतं.

भात की भाकरी

आता प्रयोगशाळा. हिच्यातली मला सगळ्यांत मजेची वाटते ती जेवणाची चाचणी. ज्वारी, बाजरी, नाचणी, ऊस ही पिकं हवेतला कार्बन एका रीतीने घेतात, तांदूळ आणि गहू दुसऱ्या. त्यांच्यातल्या जड-हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं पडतं आणि ते खाणाऱ्याच्या हाडात उतरतं. म्हणजे हाडावरून हा भाकरीवाला की भातवाला, हे सांगता येतं. भाकरी ज्वारीची की बाजरीची, ते मात्र नाही. मासे किती खाल्ले, त्याचा अंदाज नायट्रोजनवरून.

दाताचं कवच लहानपणी बनतं आणि पुन्हा बदलत नाही. हाड आयुष्यभर झिजत-भरत राहतं. म्हणून दातात बालपणीचं पाणी आणि माती, हाडात शेवटच्या वर्षांचं अन्न. पंजाबात अजनाळ्याला एका जुन्या विहिरीतून २०१४ मध्ये ढिगाने हाडं निघाली. कुणी म्हणे १८५७ चे शिपाई, कुणी म्हणे फाळणीतले बळी. विहीर गावकऱ्यांनी उकरली होती, सांगाडे एकमेकांत मिसळलेले, कुणाचा पाय कुणाचा ते कळायला मार्ग नाही. पण दात होते. त्यांतला डीएनए आणि आयसोटोप, म्हणजे तेच जड-हलक्या अणूंचं प्रमाण, तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष आला, की माणसं पंजाबातली नव्हेत, गंगेच्या खोऱ्यात वाढलेली. १८५७ मध्ये मारल्या गेलेल्या, बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या २६ व्या पलटणीतल्या शिपायांच्या हकिगतीशी ते जुळतं.

डीएनएचं नाव ऐकलं की लोकांना वाटतं आता सगळं कळणार. आपल्या उष्ण हवेत तो फार लवकर तुटतो. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीत साठाहून जास्त नमुने तपासले, कामाचा डीएनए निघाला एका बाईचा. हा डीएनए टिकला तर बहुधा कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या टणक हाडात टिकतो, म्हणून कवटी मोडलेली असली तरी तो तुकडा टाकू नये.

मरून किती दिवस झाले, हे मात्र नुसत्या हाडावरून सांगणं कठीणच. प्रेतासाठी जुना ठोकताळा आहे: उघड्यावर एका आठवड्यात जेवढं कुजतं तेवढं पाण्यात दोन आणि जमिनीत आठ आठवड्यांत. खाडीच्या चिखलात, जिथे हवा पोचत नाही, तिथे तोही कोलमडतो; चरबीचा साबणासारखा थर होऊन चेहराही ओळखू येईल असा राहतो कधीकधी. पोलिसांना हवं असतं ते एवढंच, की हाड जुन्या काळातलं की आपल्या. तिथे अणुबॉम्बची मदत होते. १९५० नंतरच्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढवला, साठच्या दशकात तो जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतर वाढलेल्या प्रत्येकाच्या दातांत तो आहे. माझ्या, तुमच्या, सेक्रेटरींच्याही.

त्या दुपारी सेक्रेटरींना एवढं सगळं ऐकायचं नव्हतं. त्यांना सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची होती, कारण तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पूजा घालून शांत करायची मागणी लेखी दिली होती. "म्हशीच्या पायाचं हाड असं लिहू ना, मावशी?" मी म्हटलं, पुढचा पाय आहे, आणि हे हाड म्हणजे आपल्या तळहाताच्या मधल्या दोन हाडांची जुळून झालेली एक नळी. म्हैस बोटांच्या टोकांवर चालते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या तळहाताकडे बघितलं आणि पेनचं टोपण लावलं. रजिस्टरमध्ये "किरकोळ साहित्य, १ नग" असं आहे.